लिंबाजीच्या कानात वाजणारं पत्र

पूर्णा, नवरात्राची तिसरी माळ, १९९०

चिरंजीव दत्तराव यास,

मुंजाजी मास्तरचे अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व येथे आपापल्या गुडघ्यांसह खुशाल आहोत. नाशकास तुम्ही उभयता व सूनबाईंचा खोकला कसा आहे ते कळवणे. (खोकला गेला असल्यास तसे कळवणे.) तुझे वडील लिंबाजी व मातोश्री कोंडाबाई ठीक आहेत. काचबिंदूने लिंबाजीची नजर गेली त्याला पाच वर्षं झाली, पण स्टेशनात शिरणारी गाडी किती उशिरा आहे हे तो अजून घरबसल्या सांगतो, आणि तारबाबूची नोकरी चालूच असल्यासारखा तिच्यावर चिडतोही.

पत्रास कारण, मी कॉम्प्युटर शिकलो. हसून घे. ज्या शाळेत मी पस्तीस वर्षं कविता शिकवल्या (म्हणजे मी म्हटल्या, पोरं खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत बसली), तिथे सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला. हेडमास्तर तात्यारावांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वर मखमली कापड घातलं आणि वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही. मला मात्र परवानगी मिळाली. या माणसाच्या हातून काही होणेच नाही, इतका त्यांचा विश्वास.

बेत असा होता की, लिंबाजीला आता पुस्तक नाही की सिनेमा नाही, तर त्याला यंत्राकडून वृत्तांची चाल ऐकवावी. लघु अक्षराला आखूड पीं, गुरूला लांब पीं. सोबतच्या चोपडीवरून दहा ओळींचा प्रोग्राम लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी मी सुसंस्कृतपणे पूर्णविराम देत होतो आणि यंत्र प्रत्येक वेळी 'सिंटॅक्स एरर' म्हणून माझी वही तोंडावर फेकत होतं. पोरांच्या वह्यांत मारलेले पस्तीस वर्षांचे लाल गोल असे म्हातारपणी परत आले. कवीला वृत्तात थोडी सूट असते. इथे तीही नाही.

अखेर लिंबाजीला स्टुलावर बसवलं आणि भुजंगप्रयात लावलं. एक आखूड, दोन लांब, असं चार वेळा. मला तर ओल्या पाटीचा वास आला, डोळे भरले. लिंबाजीने कान पुढे केला, बोटाने टेबलावर ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्ये डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू काय लावलंय? तार करायलाय का शिवी द्यायलाय?" तारेच्या कडकट्ट भाषेत एक आखूड आणि दोन लांब म्हणजे इंग्रजी डब्ल्यू, हे मला काय माहीत! मी वृत्ताची थोरवी सांगू लागलो. (बरीच सांगितली. तात्याराव उठून गेले.) लिंबाजी म्हणाला, "तुमचं वृत्त ऱ्हाऊ द्या. ह्येला तार येती ना? मग माझ्या दत्ताचं पत्र द्या ह्येच्याकडं. दुसऱ्याच्या तोंडून पोराचं पत्र आयकायचं म्हंजी उष्टा घास. मला माझ्या कानानं वाचायचंय."

उष्टा घास! पाच वर्षं तुझं प्रत्येक पत्र मीच त्याला वाचून दाखवतो, घसा साफ करून, हातवाऱ्यांसह. (आंधळ्यापुढे हातवारे. यावरून माझी समज ओळख.) मुकाट्याने सव्वीस अक्षरं शिकलो. तो ठोकून सांगे, मी टिपून घेई. आता इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर घातला की यंत्र तारेच्या भाषेत वाजतं. पहिल्यांदा 'कोंडाबाई' वाजवलं. लिंबाजीने कान यंत्राला टेकवला. मग म्हणाला, "पुन्यांदा. जरा दमानं." कोंडाबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "येवढ्या हौसेनं मला कदी हाक न्हाई मारली."

माझी बोटं गोगलगायीची, म्हणून तुझं दिवाळीचं पत्र शाळेतल्या टायपिंग पास झालेल्या मालनबाई यंत्रात घालणार आहेत. त्या स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे करत नाहीत. थांबतो. तात्याराव किल्ली वाजवायला लागलेत.

तुझा,
मुंजाजी मास्तर

ता. क. मालनबाईंचा प्रामाणिकपणा हीच अडचण आहे. तू लिहितोस, "मी मजेत. कामाला सुट्टी नाही. तब्येत सांभाळा." संपलं पत्र. हे बरं दिसेना, म्हणून वाचताना मी पदरची भर घालत आलो: नदीची आठवण, आईच्या हातची भाकरी, "आबा, तुमचे गुडघे कसे आहेत", शिवाय दोन स्वरचित श्लोक. पाच वर्षं. आता यंत्र तीन ओळी वाजवून गप्प होईल आणि लिंबाजीला वाटेल, पोराची माया आटली. तरी यंदा हे सगळं तू स्वतः लिहावंस, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच. श्लोक सोबत जोडले आहेत, उतरवून काढ.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच लिंबाजी आला. मला राहवेना, कबूल करून टाकलं. तो हसला. "मास्तर, मी जल्मभर मोजक्या शब्दांच्या तारा घेतल्या. येवढं लांब माझा दत्ता बोलतच न्हाई. आन् श्लोक? आठवीत येक कविता पाठ झाली न्हाई त्येला, तुमच्याच वर्गात." मग पाच वर्षं बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, "तुमी लय रंगात यायचे."

श्लोक पाकिटातून काढून घेतले आहेत. तुझ्या त्याच तीन ओळी लिही. गुडघ्यांचं तेवढं विचार. ते खरोखरच दुखतात.