भाकऱ्यांवर मोजलेली मतं

बाई, काल आमच्या टीव्हीवर अमेरिकेतल्या एका पक्षाची मोठी सभा दाखवत होते. छतातून रंगीत फुगे पडत होते, चांगली वयस्कर माणसं टोप्या उडवत होती, आणि प्रत्येक घोळक्यात काठीला लावलेली एकेका राज्याच्या नावाची पाटी होती. सून म्हणाली, "हे काय चाललंय, लग्न की जत्रा?" मी म्हणाले, "अध्यक्षपदाचा उमेदवार निवडतायत. आता एकेका राज्याचं नाव पुकारतील. त्या राज्याचा म्होरक्या उठेल, आधी आपल्या गावाचं तोंड भरून कौतुक करेल आणि मग मतं सांगेल." आणि अगदी तसंच झालं. सून माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाईंना सोलापूरच्या वेशीबाहेरचं फारसं ठाऊक नाही असा तिचा समज आहे, आणि तो मीही आजवर मोडला नव्हता. मला इतकं हसू आलं की ठसकाच लागला. ती पाणी आणायला आत गेली, आणि तेवढ्यात तुम्ही मला दिसलात. नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर भावाचं पत्र, आणि आम्हा पोरींच्या हातात शिवणाचे कपडे. तुम्हाला जाऊन एक जन्म उलटला. तरी म्हटलं, लिहावं.

तुमचे भाऊ तेव्हा अमेरिकेत कापड रंगवण्याचं शिक्षण घेत होते. त्यांची पत्रं आली की शनिवारी शिवणाच्या तासाला तुम्ही ती वाचून दाखवायचात. रंगाबद्दल त्यांनी काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही, पण त्या वर्षी त्यांनी कुठल्याशा दिवाणखान्यात बसून रेडिओवर अशी सभा ऐकली होती आणि पानंच्या पानं भरून कळवली होती. प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी येतात, लोकवस्ती जास्त त्याचे प्रतिनिधी जास्त. तीन हिश्शांतले दोन हिस्से मतं एकाच माणसाला पडेपर्यंत पुन्हा पुन्हा पुकारा होतो. कधी कधी दोघं तगडे गडी एकमेकांना अडवून धरतात आणि ज्याचं नाव कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं तो तिसराच निवडून येतो. पहिला ठरला की मग दुसरा, म्हणजे उपाध्यक्ष, आणि तो बहुतेक रुसलेल्यांची समजूत काढण्यासाठी. सगळ्यात गंमत म्हणजे उमेदवारानं सभेला यायचं नाही, घरी बसून वाट बघायची, अशी तिथली जुनी रीत. त्या वर्षी मात्र एकजण विमानात बसून थेट सभेत येऊन उभा राहिला म्हणे. "आगाऊ आहे," असं तुम्ही म्हणालात, पण तुमचा आवाज खूश होता.

आमच्या बोर्डिंगात, म्हणजे शाळेच्या वसतिगृहात, तोवर मुख्य मुलगी तुम्हीच नेमायचात. त्या वर्षी तुम्ही एकदम म्हणालात, "यंदा आपण अमेरिकेसारखं करू. खोल्या म्हणजे राज्यं. मुख्य मुलगी आणि दुय्यम मुलगी, दोघी तुम्हीच निवडा." मुख्य आणि दुय्यम या दोघींनी सातवीची फायनल परीक्षा होईपर्यंत बोर्डिंग सोडायचं नाही, हा नियम जुनाच होता. त्याच आठवड्यात मंद्रूपच्या बाजारातून माझ्या वडिलांचा, आबांचा निरोप आला होता, की दिवाळी झाली, आता येत्या बाजाराला पोरीला न्यायला येतो. तो निरोप मी तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. मी वरच्या वर्गात पोहोचलेली आमच्या वस्तीतली पहिलीच मुलगी. फायनल झाली असती तर मास्तरीण झाले असते, नाही तर पुन्हा मेंढरांच्या मागे. तुम्ही ती सभा माझ्यासाठीच काढलीत का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही सांगितलंही नसतंत.

माझं नाव आमच्या खोलीनं पुढं केलं. समोर वकिलांची मुलगी. शुक्रवार पेठेत घर असून आई नाही म्हणून बोर्डिंगात राहणारी, इंग्रजी कविता पाठ म्हणणारी, दिसायला देखणी आणि स्वभावाला, खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा बरी. आता प्रतिनिधी किती ते ठरवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "लोकवस्तीप्रमाणे." ते काम ज्या दोघींकडे होतं त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कारण कुठल्या खोलीत किती जीव आहेत हे स्वयंपाकाच्या मावशीशिवाय कुणाला ठाऊक? मावशी अक्कलकोटकडची. ती चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं प्रत्येक खोलीच्या नावानं रेघा ओढायची, पण त्या माणसांच्या नव्हेत, भाकऱ्यांच्या. पोरींनी त्या रेघा उतरवून आणल्या आणि तेवढे प्रतिनिधी वाटून टाकले. त्यामुळे शहरातल्या नाजूक पोरींची मोठी खोली एकाएकी लहान राज्य झाली, आणि आम्ही शेतावरच्या, मेंढरांमागच्या पोरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर मनापासून तुटून पडणाऱ्या, आमचं राज्य फुगून टम्म झालं. वकिलांच्या मुलीच्या लक्षात आलं तेव्हा ती तुमच्याकडे धावली. "बाई, ह्यांनी भाकऱ्यांना मतं दिली!" तुम्ही चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, आणि हसू आवरल्यावर म्हणालात, "अगं, तिकडंसुद्धा मतं कशावर मोजायची यावर भांडणं होतातच. आता पाट्या लिहून झाल्यात. राहू दे." तरी आमची मतं तीन हिश्शांतल्या दोन हिश्शांपर्यंत पोचत नव्हती, हे तुम्ही मनातल्या मनात मोजलं असणार.

बाजाराचा दिवस आला, आणि सभाही तुम्ही त्याच दिवशी ठेवली होतीत. उमेदवारांनी सभेला यायचं नाही म्हणून वकिलांच्या मुलीला तुमच्या खोलीत बसवलं होतं आणि मला स्वयंपाकघरात. मी मावशीसमोर परात घेऊन बसले आहे. पीठ मळते आहे, कान भिंतीला. पलीकडे मोठ्या खोलीत पुकारा चालू आहे. एक पोरगी उठून ठणकावते, "जिथल्या तळ्यात सिद्धेश्वर बसलाय, जिथल्या चादरी पार मुंबईला जातात, त्या पूर्वेकडच्या खोलीची सगळी मतं वकिलांच्या लेकीला!" टाळ्या. मग आमच्यातली, "जिथल्या शेंगाचटणीनं मेलेली जीभ जिती होते, त्या विहिरीकडच्या खोलीची सगळी मतं मंद्रूपच्या लेकीला!" मावशी भाकरी थापायची थांबून म्हणाली, "अगं अव्वा, भांडत्यात का गात्यात ह्या?" आणि त्याच वेळी मागच्या दारात आबा उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, पायात धूळ, हातात माझ्यासाठी आणलेला खरवसाचा डबा.

"आवर की पोरी," ते म्हणाले. "सांजच्या आत घराकडं पोचायचं हाय."

मी पीठ मळतच राहिले. मावशीनंच त्यांना पाट दिला. "बसा हो. आत लई मोठं काम चाललंय. तुमच्या लेकीचं नाव घ्यायलेत."

"कशासाटी? काय चुकलं काय तिचं?"

"चुकलं न्हाय. म्होरकी कराय लागल्यात तिला."

आबा बसले. मी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली, त्यांनी ती हातात धरून ठेवली. मग हळूच म्हणाले, "तुजी आई आता मागं चालत न्हाय बग. पाय सुजत्यात तिचं. म्या म्होरं आसतुय, मागं कोन न्हाय. परवा एक कोकरू ऱ्हायलं वाटंत." शाळेत येईपर्यंत मेंढरांच्या मागे मी चालत असे. पुढचा माणूस वाट काढतो. मागच्यानं लंगडणारं जनावर हाकायचं, व्यालेल्या मेंढीपाशी थांबायचं, राहिलेलं कोकरू काखेत घ्यायचं. ते मला लग्नासाठी नेत नव्हते, बाई, रागानंही नेत नव्हते. त्यांना खरोखर माणूस हवं होतं. त्यामुळे माझ्याकडे भांडायला काहीच नव्हतं.

पलीकडे पुकाऱ्यावर पुकारा होत राहिला. आमच्या खोल्या हटेनात, त्यांच्या हटेनात. भाकऱ्या गार झाल्या, मावशी करवादली, पोरींचे आवाज बसले. मग एकदम गलका थांबला आणि कुजबुज सुरू झाली. पुढचा पुकारा झाला तेव्हा प्रत्येक खोली तिसरंच नाव घेऊ लागली. पूर्व भागातल्या विणकराची ती तेलुगू बोलणारी मुलगी, जी कुणाच्या अध्यात ना मध्यात, जिच्या हातचा टाका तुम्ही आम्हाला नमुना म्हणून दाखवायचात. तीच मुख्य झाली. माझ्या हातातलं पीठ सुकून गेलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. "न्हाय का झालं?" त्यांनी विचारलं, आणि मला वाईट वाटलं याचंच वाईट त्यांच्या आवाजात होतं. मी मान हलवली आणि माझं बोचकं आणायला उठले.

तेवढ्यात तुम्ही दारात आलात, मागे वकिलांची मुलगी. तीच धापा टाकत म्हणाली, "दुय्यमसाठी मी तुझं नाव सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले. आता एकदम सगळ्यांनी, म्हणजे भाकऱ्या मोजायची गरजच पडली नाही!" तुमच्या भावानं लिहिलं होतं की दुसरी जागा रुसलेल्यांची समजूत काढायला असते. मला ते आठवलं आणि खरोखर रागच आला. मी म्हणाले, "समजूत नको मला." तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "जागा कशासाठी देतात ते देणारे ठरवतात. तिथं बसून काय करायचं ते तू ठरवायचं. नाक वर करून बोलू नकोस." मी आयुष्यभर मुलांना हेच सांगत आले, तुमचं नाव न घेता.

आबा उठून उभे राहिले होते. पागोटं सारखं करून त्यांनी तुम्हाला विचारलं, "बाई, हे दुय्यम म्हंजी काय वो?"

तुम्ही म्हणालात, "पहिली पुढं असते. सकाळची घंटा, बाहेरचं येणंजाणं, सगळं तिच्याकडे. दुसरीनं मागचं बघायचं. नवी आलेली पोर रडत असली तर तिच्यापाशी बसायचं. कुणी आजारी पडलं, कुणी अभ्यासात मागं राहिलं, तर त्यांना सोबत घेऊन यायचं."

"म्हंजी मागं चालायचं."

"हो. तसंच म्हणा."

चुलीतलं लाकूड मावशीनं उगाचच मागे ओढलं. मग आबा म्हणाले, "तुमच्या कळपाला मागं मानूस लागतंय म्हना की. मंग न्हाय न्हेता येत. मागचं मानूस वाटंत काडून न्हेत न्हाईत." आणि खरवसाचा डबा त्यांनी माझ्या हातात न देता तुमच्या हातात दिला. "वाटून खावा समद्यास्नी."

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. विणकराची मुलगी आणि मी, आमचं इतकं जमलं की मुली आम्हाला बैलजोडी म्हणायच्या. मी फायनल झाले, मास्तरीण झाले, पुढं मुख्याध्यापिकाही झाले. आबांनी त्या हंगामात मंद्रूपच्या एका धनगराशी मेंढरं एकत्र केली आणि दोन्ही कळपांना मिळून एक मागचा गडी ठेवला. निभलं. आईचे पाय बरे झाले नाहीत, पण माझ्या पहिल्या शाळेत ती राहायला आली आणि ओसरीवर बसून पोरांच्या कविता पाठ करू लागली. मी सुखात आहे, बाई. हे मी कुणाला दाखवायला म्हणत नाही. रात्री अंथरुणावर पडले की झोप लागते, आणि सकाळी उठावंसं वाटतं. याहून जास्त कुणाला काय मिळतं?

तुम्ही तो दिवस नंतर नेहमी मोठ्या अभिमानानं सांगायचात. नव्या मुली आल्या की सांगायचात, "हिनं दुसरी जागा घेतली आणि शाळा राखली." मी पुढ्यात उभी राहून हसायची. तुम्हाला वाटायचं, मला हवं होतं ते मला मिळालं. ते मिळालंच, खोटं कशाला सांगू. पण त्या संध्याकाळी तुम्ही आत मुलींना खरवस वाटत होतात, तेव्हा मी मागच्या दारात उभी होते. आबा मंद्रूपच्या रस्त्याला लागले होते, एकटेच. घोंगडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, वळणावर थांबले, आणि पुन्हा चालू लागले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. आपण वळलो तर पोरीचा पाय अडकेल हे त्यांना कळत होतं, असं मला आता वाटतं. हे पत्र कुठं पोचणार नाही म्हणून लिहिते, नाहीतर तुमच्यासमोर माझ्या तोंडून हे कधी निघालं नसतं. त्यांनी त्या वळणावर थांबून नुसतं "चल" म्हटलं असतं ना, बाई, तर मी गेले असते.