पलंगाशेजारचा रूळ

४ मार्च

भिंतीला दोन भोकं पाडली! एक गाडी आत जायला, एक बाहेर यायला. हॉलमध्ये माझं खेळण्यातल्या रेल्वेचं टेबल, पलीकडे हिचा पलंग. मुलगी फोनवर ओरडली — "बाबा, आई अंथरुणाला खिळलीय आणि तुम्ही भिंती कसल्या फोडताय?"

तिच्यासाठीच फोडतोय. डॉक्टर म्हणाले, वीस तारखेपर्यंत ओळखल्याची एखादी खूण दिसली तर घरी ठेवू, नाहीतर शुश्रूषागृह. झटका आल्यापासून वाचा नाही, उजवं अंग नाही. डावा हात तेवढा हलतो. नजर सदा छताला. पूर्वी माझ्या गाडीला सवत म्हणायची. मला नाही तर नाही, सवतीला तरी ओळखेल.

७ मार्च

हिच्या डाव्या बाजूला, गादीच्या उंचीवर फळी ठोकली. दोन रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर — जरा इकडेतिकडे झालं की चाकं उतरतात. हात थरथरतात आता. नऊ फुटांना तीन दिवस लागले!

हॉलमध्ये बसलो की जुनं आठवतं. ही स्वयंपाकघरातून "अहो, जरा या" म्हणायची. मी "आलो, आलो" म्हणून तिथेच. येईल-जाईल त्याला सांगायची — "गाडी बंद पडल्याशिवाय हा माणूस जागचा हलायचा नाही."

९ मार्च

गाडी आत गेली, बाहेर आली. हिने बघितलं नाही.

१० मार्च

आजही बघितलं नाही. हिला सांभाळायला येणाऱ्या बाई कुरकुरत होत्या, "काकूंच्या केसातली एक पिन सापडत नाही." मला कुठल्या पिनांचं सांगतात!

११ मार्च

डोक्याला नवा ताप. गाडी हॉलमध्ये झकास, पलंगाशी गेली की ठप्प! कंट्रोलरवर लाल दिवा. आत धावलो, फळीवर ओणवा झालो, सांधे दाबले. सगळं ठीक. परत येऊन बटण दाबलं तर चालू.

आज असं पाच वेळा.

१३ मार्च

खेळण्यांच्या दुकानदाराला विचारलं. "काका, शॉर्ट होतंय. दोन्ही रुळांना एकदम काहीतरी टेकतंय." सबंध रूळ बोटांनी चाचपला. काही नाही. पलंगाजवळ रुळांवर समोरासमोर दोन काळे ठिपके आहेत, स्पिरिटने घासले तरी निघत नाहीत. नेमका तिथेच घोळ! आयुष्यभर रूळ जोडले आणि नको तेव्हा अक्कल चालेना.

१६ मार्च

मुलगी आली. तिला दाखवायला गाडी सोडली — पुन्हा पलंगाशी बंद! मी पकड घेऊन वाकलो. मुलगी म्हणाली, "बाबा, आईकडे बघा ना जरा. रुळाकडे काय बघताय!" मी म्हटलं, थांब, सापडेल आता.

सापडलं नाही. जाताना तिने हिची बॅग भरून ठेवली.

१९ मार्च

काही होणार नाही. मला कळलंय. आजही दोनदा थांबली. दुसऱ्यांदा उठायचाही कंटाळा केला.

२० मार्च

नेलं. स्ट्रेचरवरही नजर छताला. मी हात धरला तर मूठ घट्ट आवळलेली. आता हे घर कशाला आणि मी तरी कशाला.

२१ मार्च

रूळ उखडायला घेतला. त्याआधी एकदा गाडी सोडली. चाळीस फेऱ्या झाल्या. एकदाही थांबली नाही! आता कशी धावतेस, सटवे?

२२ मार्च

शुश्रूषागृहातल्या नर्सने हिच्या वस्तूंची पिशवी दिली. त्यात केसातली एक पिन. "मुठीत होती, सोडतच नव्हत्या." पिनेचा काळा रंग दोन जागी जळालेला. घरी येऊन मोजपट्टी लावली. दोन डागांमध्ये साडेसोळा मिलिमीटर.

दहादा तरी बोलावलं तिने मला. मी आत जायचो आणि रुळाकडे बघायचो.