माळ्यावरची रेंज

वैदेही,

मी कामावर निघालो, सहापर्यंत येतो. ग्रोनिंगनहून येणारी तुझी ट्रेन दोनला पोचेल. आमटी-भात फ्रिजमध्ये आहे. जिन्यात शिडी उभी आहे, सांभाळून चढ.

माळ्यावर वाय-फायचा नवा डबा, अ‍ॅक्सेस पॉइंट, लावला. खालच्या राउटरपासून वायर वर नेली, त्यामुळे आता आईच्या टेबलापाशीही पूर्ण रेंज येते. अभ्यास तिथेच कर. "लोकांच्या ऑफिसांत छताछताला डबे लावतोस, आणि मी तुझ्या लेकीशी जिन्यात बसून बोलते," असं ती चार वर्षं म्हणत होती. काम तीन तासांचं होतं.

तू म्हणाली होतीस, "बाबा, वाय-फायचं नाव बदला ना. दर वेळी 'कुमुदचं घर' दिसतं, नको वाटतं." मी बदललं नाही, रागावू नकोस. नव्या डब्यालाही तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला. आई गेल्यापासून तिचा फोन माळ्यावर चार्जिंगलाच आहे, मी हलवला नव्हता. त्याचं लॉक आपल्याला उघडता येत नाही. पण ओळखीचं नाव मिळताच काल तो आपोआप जोडला गेला आणि रेंजअभावी त्यात अडकलेले फोटो खालच्या कॉम्प्युटरवर आले. एकोणीस आहेत.

पहिला तुझा आहे, सोफ्यावर झोपलेली. पुढचे मी पाहिले नाहीत. सहाला आलो की दोघं बघू. तोवर नाव राहू दे, मग तू म्हणशील ते ठेवू.

बाबा