दोन पदरांचं लुगडं

नामपूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहलस,
अनेक आशीर्वाद.
फोनवर तू नुसती हो-हो करतेस, म्हणून पत्र. तुझ्या निकिताच्या साखरपुड्यासाठी माझ्या आईचं लुगडं नेलंस, त्याला पंधरा दिवस झाले. नीट आहे ना? फॉल लावू नकोस. नाशकात राहून तुम्हाला सगळंच सुधारायची खोड लागलीय.
माया आहे, म्हणूनच बोलते.
तुझी सुवर्णाआत्या

नाशिक, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
फॉल लावला नाही, शपथ! पण लुगड्याला मधोमध शिवण, आणि दोन टोकांना दोन पदर, एक हिरवा, एक वांगी. शिंपी म्हणाला, दोन पदर कशाला? मलाही पटलं. वांगी पदर कापून लेकीला ब्लाउज शिवला, फुग्याच्या बाह्यांचा. आजी नेहमी घ्यायची तो हिरवा पदर शाबूत आहे. आता तरी खूश हो.
लोभ असू दे, चिडलीस तरी.
तुझी स्नेहल

नामपूर, १३ फेब्रुवारी

स्नेहल,
आशीर्वाद आहेतच, पण आज हात जड झालाय.
मला एकदा विचारायचं तरी! महायुद्धात कापड रेशनवर आलं, तेव्हा आई आणि तिची जाऊ नवसाकाकू, दोघींची लुगडी विरलेली. एकेकीचा पदराकडचा धड भाग घेऊन त्यांनी मधे जोड दिला. दोघींत बाहेर नेसायला तेवढं एकच. एक बाजाराला गेली की दुसरी ठिगळांत घरी. आई हिरवा पदर घ्यायची. काकू लुगडं फिरवून स्वतःचा वांगी. गावाला वाटायचं, या घरात दोन चांगली लुगडी आहेत! चार वर्षं दोघी बरोबर कुठे गेल्या नाहीत.
काकूची तेवढीच आठवण उरली होती. तिच्या तू फुग्याच्या बाह्या केल्यास. साखरपुड्याला मी येत नाही.
सुवर्णा

नाशिक, १८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.
पत्र वाचून ब्लाउज उसवायला घेतला. निकितानं हातातून ओढून घेतला, म्हणाली की आधी आत्याआजीला दाखव. सोबत तिचा फोटो आहे. तू म्हणशील तर उसवून स्वतःच्या हातानं जोडीन. पण तू ये.
तुझी चुकलेली स्नेहल

नामपूर, २३ फेब्रुवारी

चि. स्नेहलस,
अनेक आशीर्वाद.
चष्मा पुसून फोटो दोनदा पाहिला. खांद्यावर आईचा हिरवा, बाह्यांवर काकूचा वांगी. उसवू नकोस. त्या लुगड्यात पहिल्यांदाच दोघी एकदम घराबाहेर पडताहेत, कुणा एकीला परत पाठवू नकोस.
फुगे मात्र मी आल्यावर कमी करणार. काकूला असला थाट चालला नसता. शनिवारच्या एसटीनं निघते.
माया तशीच आहे, राग थोडा शिल्लक ठेवलाय.
तुझी आत्या