तीस किलोचा रवा

सोमवार, ६ जानेवारी

रवा! म्हणे गुळात रवा घालतात! आणि तेही आमच्या कोल्हापुरात!

कॉम्प्युटर लॅबमध्ये बी.कॉम.च्या इंग्रजीतल्या प्रोजेक्टसाठी माहिती शोधत बसले होते. विषय मीच मागून घेतलाय – कोल्हापुरी गूळ आणि त्याची बाजारपेठ. म्हटलं, घरचंच आहे, हातचा मळ. आमचे वडील, आबा, गूळ रांधणारे गुळवे आहेत. चोवीस वर्षं एकाच गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभे राहून रस कधी उतरवायचा ते ठरवतात. आबांनी हात वर केला की चौघंजण काहील उचलतात, तोवर मालकसुद्धा तोंड उघडत नाही.

आणि ही इंग्रजी वेबसाईट सांगते, गूळ दाणेदार व्हावा म्हणून कोल्हापुरात त्यात तीस-तीस किलो रवा मिसळतात. मी मोठ्यानं हसले. शेजारी वर्गातली मनाली होती, म्हणाली, "येड लागलं का गं?" तिला दाखवलं. मग ती माझ्यापेक्षा जास्त हसली.

बुधवार, ८ जानेवारी

आज हसू आलं नाही. अकरा साईट सापडल्या. एकीवर तर ‘भेसळ कशी ओळखाल’ अशी यादी, आणि त्यात कोल्हापूरचं नाव!

हे आलं कुठून म्हणून मागं मागं जात राहिले. याचा संदर्भ त्याला, त्याचा तिसऱ्याला. शेवटी सात वर्षांपूर्वीचं एक पान मिळालं. कुणीतरी मराठी बातमी मशीनकडून इंग्रजीत करून टाकलेली. बातमीत एवढंच असणार – गुळाचे तीस किलोचे रवे बाजारात आले. आता रवा म्हणजे आमच्याकडं गुळाची ढेप! कापड घातलेल्या बादलीत गरम गूळ ओततात, गार झाला की पालथा घालतात, तो रवा. मशीनला काय ठाऊक? त्यानं शिऱ्याचा रवा केला. पुढच्यानं डोकं चालवलं, गुळात रवा कशाला? दाणा यावा म्हणून असेल. त्याच्या पुढचा म्हणाला, म्हणजे भेसळच की!

राईचा पर्वत ऐकला होता. हा रव्याचा.

शनिवार, ११ जानेवारी

वडगावची एस.टी. धरून घरी आले. आबा नुकतेच गुऱ्हाळावरून आलेले, अंगाला मळीचा वास. सगळं सांगितलं. त्यांना आधी कळेचना.

"रव्यात रवा?"

"व्हय. शिऱ्याचा."

"आगं मग काहिलीतच शिरा करून वाढतो की गावाला!" असं म्हणून हसत राहिले. मग भेंडीचं पाणी घालून मळी कशी वर काढतात, पाक पाण्यात टाकून गोळी कशी बघतात, सगळं परत सांगितलं. शंभर वेळा ऐकलंय. तरी वहीत उतरवून घेतलं. मी निघताना म्हणाले, "लिव्ह तू खरं काय ते. शिकलीयास कशाला मग?"

सोमवार, १३ जानेवारी

शेंडे मॅडमकडं प्रोजेक्ट आहे. बाई वाईट नाहीत. चंद्रपूरच्या, कोल्हापुरात येऊन दोनच वर्षं झालीत. पहिल्याच दिवशी त्यांनी कागद वाटलेला – भरवशाची वेबसाईट कशी ओळखावी. लिहिणारा कोण, तारीख कधीची, संदर्भ दिलेत का, संस्था कुठली, विकायचं काही आहे का. पाच प्रश्न. मला तो कागद मनापासून आवडला होता.

मी लिहिलं होतं, अकरा साईटवर असं असं आहे आणि ते चूक आहे. मॅडमनी वाक्याचा पहिला अर्धा भाग ठेवला, दुसऱ्याखाली लाल रेघ मारली.

"संदर्भ?"

"मॅडम, माझे वडील गुळवे आहेत."

"वडील हा संदर्भ होत नाही, स्नेहल."

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. इथं मंगळवार पेठेत मी आक्काताई आत्याकडं राहते, तिनं तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोल म्हणाली. बोलायलाच कुणी तयार नाही, गोड कुठलं!

गुरुवार, १६ जानेवारी

अकराही साईटना इंग्रजीतून लिहायला बसले. नऊ ठिकाणी पत्ताच नाही, लिहिणाऱ्याचं नाव ‘ॲडमिन’. एकीकडून मशीनचं उत्तर – आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. दुसरीकडून खऱ्या माणसानं लिहिलं असावं: तुमच्याकडं याला पुरावा देणारी वेबसाईट आहे का?

मनालीच्या फोनमधल्या एआयला विचारलं. होय, घालतात, म्हणाला. पुरावा म्हणून त्याच अकरातल्या तीन साईट! मी लिहिलं, चूक आहे. लगेच माफी मागितली. मनालीनं तिच्या खात्यावरून परत विचारलं तर परत – होय, घालतात.

रडू आलं. लॅबमध्ये, सगळ्यांसमोर.

शनिवार, १८ जानेवारी

लायब्ररीत जुना शब्दकोश मिळाला. पानं सुटी झालेली. रवा – कण; जाड दळलेला गहू; गुळाची ढेप. तिसरा अर्थ! फोटो काढून पळतच मॅडमकडं गेले.

मॅडमनी नीट वाचला. म्हणाल्या, "छान शोधलंस. पण याने शब्दाचा अर्थ सिद्ध झाला. भेसळ होत नाही, हे कुठे सिद्ध झालं?"

चूक काय आहे त्यांच्या बोलण्यात? अन्न तपासणाऱ्या लॅबकडून गूळ तपासून घे म्हणाल्या. फोन केला तर रिपोर्टला तीन आठवडे. प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचाय!

मग मी म्हटलं, तो भागच काढून टाकते. त्यावर जे बोलल्या ते अजून कानात आहे. "गैरसोयीचं आहे म्हणून लपवायचं नाही. संशोधक घरचा असला की हेच होतं."

म्हणजे लिहिलं तर पुरावा नाही, नाही लिहिलं तर लबाडी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच.

मंगळवार, २१ जानेवारी

मनाली म्हणते, "सोड की! शंभर मार्कांचा प्रोजेक्ट हाय. आबांस्नी कुठं इंग्रजी वाचाय येतंय?"

तिचं बोलणं लागलं. आणि पटलंही. पटलं याचा जास्त राग येतोय.

गुरुवार, २३ जानेवारी

शेवटी असं ठेवलं होतं – ‘काही संकेतस्थळांच्या मते गुळात रवा मिसळला जातो.’ मते! तेवढ्या एका शब्दाचा आधार होता मला. मॅडम म्हणाल्या, खाली तळटीप आहेच, मग ‘काही संकेतस्थळांच्या मते’ कशाला? वाक्य थेट कर.

केलं. मीच केलं, माझ्या बोटांनी. तीन शब्द खोडायला तीन सेकंदंसुद्धा लागली नाहीत. आबांची लाज वाटत होती की माझी, कळलं नाही. जेवण गेलं नाही. आत्या म्हणाली, पित्त झालं असंल.

शुक्रवार, २४ जानेवारी

दिला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कॉलेजात पहिला नंबर! शंभरपैकी एक्क्याण्णव. ‘ऑनलाइन संदर्भांचा काटेकोर वापर’ असा खास शेरा. प्राचार्यांनी हात मिळवला, म्हणाले, दुसऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आपल्या वेबसाईटवर टाकतोय.

आबांना फोन केला. गुऱ्हाळावरच होते, मागं चरकाचा आवाज. ओरडून सगळ्यांना सांगितलं त्यांनी, "माझ्या पोरीचा गुळावर पयला नंबर आला!" आणि मग मला, "माझं नाव घातलंयस न्हवं त्यात?"

घातलंय, मी म्हणाले. खोटंही नाही ते. आभाराच्या पानावर आहे.

बुधवार, ५ मार्च

दुपारी आबांचा फोन. आवाज कधी नव्हे इतका बारीक. अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं गुळाची गाडी परत धाडली. रवा घालताय म्हणतो. पुरावा म्हणून मालकांना एक लिंक पाठवली.

"मालकांनी मला कडंला घेटलं. बाबासो, खरं सांग, म्हनालं. चोवीस वर्सांत पयल्यांदाच इचारलं गं. कुठल्या तर कॉलेजची साईट हाय म्हनं, इंग्रजीत. तुला धाडलीया बघ. तुझा आब्यासच हाय त्यातला. साईट खरी का खोटी, तेवढं बघून सांग."

लिंक उघडली. आमचंच कॉलेज. पान सतरा. लिहिणाऱ्याचं नाव आहे, तारीख आहे, अकरा संदर्भ आहेत.

"बघते आबा," म्हणाले.