विहीणबाई, तुमची चीड वाढतेय

विहीणबाई,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. राहू दे.

आज सकाळी परसात गेले आणि ओरडलेच आनंदानं! तुमच्या कुंडीतल्या त्या झाडाला शेंड्यावर नवे कोंब आलेत, मेणबत्त्या लावल्यासारखे सरळ उभे. सुनीता ड्यूटीवर, निखिलराव त्यांच्या फार्मसीत, नात शाळेत. सांगायचं कुणाला? म्हटलं, तुम्हालाच लिहावं. आता तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, तेवढं बरं आहे.

मी तिसरीत शाळा सोडलेली, तुम्ही मास्तरीण. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील. शोधत बसा तिकडे, दुसरं काम काय आहे!

लेक माझी, लेक तुमचा, आणि आपण दोघी विहिणी एका घरात. तेही या क्राइस्टचर्चच्या गारठ्यात! मुलाची आई म्हणून मान तुमचा. हीटरजवळची खुर्ची तुमची. मी रिकार्टनच्या बाजारातून भेंडी आणली की तुम्ही एकेक मोडून बघायचात. माझ्या आमटीला म्हणायचात, “गावाकडची चव आहे हं.” ती स्तुती नव्हती, बाई. मला कळत होतं.

तेही चाललं असतं. पण एकदा मी कपडे वाळत घालत होते आणि तुम्ही मागच्या दारात उभ्या राहून फोनवर बहिणीशी बोलत होतात. काय म्हणालात? “माझी चीड दिवसेंदिवस वाढतेय गं. इथल्या थंडीत टिकेल असं वाटलंच नव्हतं.” वर हसलात!

हातातला टॉवेल तसाच राहिला माझा. घरात माणसं किती? लेकावर चिडणार नाही, सुनेवर तुमचा जीव, नात तर लाडकी. उरलं कोण?

त्या दिवसापासून मी माझा चहा वेगळा केला. तुम्हीही ‘का हो, काय झालं?’ म्हणून विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी भांडले असते. चांगली कडाडून भांडले असते, आणि मग आपण एकत्र चहा प्यायलो असतो. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, एक प्रश्न विचारता आला नाही?

आणि ऐन पानगळीत गेलात. न भांडता! ही कुठली रीत?

मग हिवाळा आला. फ्रॉस्ट असा पडायचा की गवत पायाखाली पापडासारखं मोडायचं. एका सकाळी निखिलराव कुंडीजवळ उभे. झाड तपकिरी पडलेलं. मला म्हणाले, “आईची चीड गेली वाटतं.”

मी म्हटलं, “गेली ना? चला, तिकडे गेल्यावर तरी गेली!”

ते वळून म्हणाले, “मामी, झाड म्हणतोय मी. चीड म्हणजे हे झाड. हिमालयातला पाइन.”

मी तिथेच पायरीवर बसले. विहीणबाई, झाडाचं नाव असं ठेवतात का कुणी? आंबा म्हणा, चिंच म्हणा! यात माझी काही चूक नाही, आधीच सांगून ठेवते.

मग सगळं कळलं. तुमचे यजमान लष्करात, तुमचं पहिलं बिऱ्हाड डोंगरात, या चिडींच्या सावलीत. भाचीच्या गावी, पापाकुऱ्याला, गेलात तेव्हा तसंच झाड दिसलं, त्याखालचं बी आणून रुजवलंत. मला का नाही सांगितलंत हो हे? मी काय आमटीच ढवळत बसणार होते जन्मभर?

कुंपणापलीकडचे म्हातारेबुवा हसले. “पाइन? वुई हॅव हीप्स!” इथे डोंगरच्या डोंगर पाइनचे, लोक रानातून उपटून फेकतात, आणि आमच्या घरी त्याचं बारसं! पण त्यांनीच सांगितलं, “राँग साइड, लव्ह. इथे सूर्य उत्तरेला.” तुम्ही आपल्या देशासारखी कुंडी दक्षिणेच्या भिंतीशी ठेवली होती. भूगोल शिकवायचात ना? हसून हसून पोट दुखलं माझं!

निखिलरावांना हाताशी धरून कुंडी उत्तरेला नेली. रोज संध्याकाळी झाकायची, सकाळी उघडायची. कशानं झाकली विचारा. तुमच्या काश्मिरी शालीनं! जिला मला हात लावू देत नव्हतात तीच. भोकं पडलीत तिला. मजा आली.

नात विचारते, “आजी, यू हेटेड हर, ना?” मी म्हटलं, “हो. खूप.” आणि पाणी घालायला उठले.

आता ऐका. या रविवारी तिला जमिनीत लावणार आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, उत्तरेच्या उन्हात. रोज दोन कप चहा घेऊन तिच्यापुढे उभी राहीन आणि आमटीपासून सगळं सुनावीन. उत्तर नाही आलं तरी थांबणार नाही. पण वाळू देणार नाही. मी आहे तोवर तुमची चीड जाणार नाही, हा शब्द आहे माझा.

तुमच्यावर अजून चिडलेली,
तुमची विहीण,
अनुसया