कोळंबीची दुरुस्ती

मामा,

परवा तुमच्या जुन्या शाळेत तुमची तसबीर लागली. खाली ‘थोर सागरतज्ज्ञ’ आणि तुमच्या डोक्यामागे, कोणाच्या तरी हौसेनं, उसळी मारणारा डॉल्फिन. तुम्ही हयातभर समुद्रतळाच्या चिखलातल्या बोटभर किड्यांमागे होतात, हे सांगायला मी उठणार तोच मुख्याध्यापक कानाशी म्हणाले, “राहू द्या ना ताई, पोरांना डॉल्फिन पसंत आहे.” मी बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, एवढ्यात तुम्ही इतके मोठे झाला आहात, की कोणीही बोट धरून हवं तिकडे न्यावं.

मला मात्र तुम्ही दिसता ते आमच्या गावच्या तापी नदीत, गुडघाभर पाण्यात. मे महिना आहे, तुम्ही सुट्टीवर आला आहात. शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात आई परात पुढे घेऊन चाळणी शोधतेय, आणि तुम्ही घाटाशी त्याच चाळणीतून गाळ चाळताय. समुद्र नसला म्हणून काय झालं, हाताची सवय नको सुटायला. घाटावर कपडे धुणारे विचारतात, “साहब, शार्क देखी क्या कभी?” तुम्ही मान वर न करता म्हणता, “देखी. पर उसको फुरसत नहीं थी.” मग ओल्या चाळणीसकट घरी. आई म्हणते, “दादा, ती माझी पिठाची चाळणी आहे.” तुम्ही म्हणता, “होती.” दुसऱ्या दिवशी नवी आणलीत, आणि तिची छिद्रं किती मिलिमीटरची असं दुकानदाराला विचारल्याचंही सांगितलंत. आई अख्ख्या बाजारात नाक कापलं गेल्यागत बघत राहिली.

कॉलेजात असताना मी तुमच्याकडे समुद्रावर आले होते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तुम्ही तिकडे काय खाता हे विचारायचं नाही, असा आईनं स्वतःलाच नियम घालून घेतला होता. तुम्ही स्वतः कोळंबीचं कालवण रांधलंत. मी पहिला घास भीतभीत घेतला, दुसऱ्यांदा मागून घेतलं, तिसऱ्यांदा तुम्ही न विचारता वाढलंत. “आईला सांगू नका,” मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, “मला कोणी विचारलं तरच सांगतो.”

पुढे मी लिहायला लागले, आणि नव्या सुरीला धार आहे का हे माणूस घरातल्याच भाजीवर बघतो, तसं मी तुमच्यावर लिहिलं. ‘सरकारी बोटीवर तीस वर्षं घालवून आमच्या मामांनी असा किडा शोधला, ज्याचा जगात कोणालाच उपयोग नाही, खुद्द किड्यालासुद्धा नाही.’ गाव हसलं. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून ते वाक्य मलाच म्हणून दाखवत. आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तुमचं पोस्टकार्ड आलं, उघडं, पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि ते आधी तिच्याच हातात पडलं.

‘लेख वाचला. हसलो. एक दुरुस्ती: कोळंबी तोच किडा खाऊन वाढते. ती कोळंबी माझ्याकडे तू तीनदा घेतलीस. उपयोग झाला नसेल तर कळव.’

आईनं ते दोनदा वाचलं. “कोळंबी?” ती म्हणाली. “तीनदा?” आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की बोलणं आपसूक सुरू झालं. मी कळवलं काहीच नाही, कार्ड वहीत दडवलं. पुस्तक निघालं, त्याची दुसरी आवृत्ती निघाली, वाक्य दोन्हीकडे तसंच. कोणी विचारलंच तर सांगायची, विनोदात थोडं इकडेतिकडे चालतं. चुकीची गोष्ट छापली आहे हे मला ठाऊक होतं, आणि ती दुरुस्त करण्याची संधी तुमच्या हयातीत दोनदा येऊन गेली.

आता तिसरी आवृत्ती निघतेय. तसबीर बघून आले आणि लेखाखाली तुमचं कार्ड जसंच्या तसं टाकायला दिलं. काल राजपुऱ्यातल्या छापखान्यातून फोन आला. “ताई, खालचं कार्ड वाचून आमचा मशीनवाला एवढा हसला ना, की विचारू नका.”

“आणि वरचा लेख?”

“तो पण ठीक आहे,” मालक म्हणाला.

कार्ड राहू द्या, असं मी त्याला सांगितलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही यातही एक दुरुस्ती काढली असती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की लाज वाटली म्हणून कार्ड लपवलं. लाज थोडी होती. पण तुमच्या चार ओळी माझ्या तीन पानांपेक्षा सरस होत्या, मामा, आणि ते मला आई हसली तेव्हाच कळलं होतं.